ब्रेडच्या पाकिटावरच्या काकू

मध प्रसार मंडळाने त्या वर्षीच्या जाहिरातीसाठी खरं तर एक नटी ठरवली होती. पण मधमाशांचा घूं घूं आवाज ऐकल्यावर ती गाडीतून खाली उतरायलाच तयार होईना. शेवटी ज्यांच्या पेट्या होत्या त्या मधपाळ काकांच्या बायकोलाच प्रचार अधिकारी बाईंनी पुढे केलं.

"अगं बाई, मी कसली कॅमेऱ्यासमोर!" काकू तोंडावर हात ठेवून म्हणाल्या. पण उभ्या राहिल्या. मंडळ चालायचं ते मधपाळांच्या आणि व्यापाऱ्यांच्या वर्गणीवर, त्यामुळे ते आपलंच, असं काकांना वाटे. आणि काकांच्या शब्दाबाहेर काकू सहसा जात नसत.

जाहिरात तुफान चालली. दुकानांतल्या पडद्यांवर काकू मधाची बाटली पुढे करून म्हणत, "चाखून तर बघा!" प्रचार अधिकारी बाई एरवी बेकऱ्यांच्या भट्टीपाशी उभ्या राहून, मध घातला की पाव कसा मऊ राहतो ते घसा कोरडा होईपर्यंत समजावत, आता बेकरीवालेच त्यांना फोन करू लागले. शहरातल्या सगळ्यात मोठ्या बेकरीने मधाचा ब्रेड काढला आणि पाकिटावर काकूंचा हसरा चेहरा छापला.

थंडी सरता सरता काकू गेल्या. सकाळी चहाचं आधण ठेवलं आणि तिथेच बसल्या. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं आटोपलं होतं.

महिन्याभरानंतर त्यांची मुलगी मंडळाच्या कचेरीत आली. ती लहान मुलांच्या शाळेत शिक्षिका होती. प्रचार अधिकारी बाईंनी पुढे केलेल्या खुर्चीवर ती बसली नाही.

"मॅडम, माझ्या वर्गातली मुलं रोज डब्याला तो ब्रेड आणतात. मधली सुट्टी संपली की आई कचऱ्याच्या टोपलीत असते. चुरगळलेली. मी रोज ती टोपली बघते. बंद करा हो ते."

बाईंनी ते मंडळाच्या साहेबांच्या कानावर घातलं. साहेब मनाने वाईट नव्हते, पण म्हणाले, "संमती काकांनी दिली होती, त्यांना विचारा. आणि जपून हं, चालत्या गाड्याला खीळ नको."

रविवारी मुलीला बरोबर घेऊन बाई काकांकडे गेल्या. स्वयंपाकघरात ओट्यावर ब्रेडच ब्रेड होता, काही पाकिटं तर फोडलेलीसुद्धा नव्हती. काका एकेक तुकडा अंगणातल्या पाखरांना टाकत बसले होते.

"बाबा, कशाला आणता एवढा?" मुलगी म्हणाली.

"दुकानात जातो, तर काही घ्यायला नको? नुसतं उभं राहिलं की तो दुकानदार बघत राहतो." ते बाईंकडे वळले. "तिथे तो पडदा आहे ना, त्यावर ती बोलते. मी ऐकतो आणि येतो. ते बंद करू नका, मॅडम. हात जोडतो."

"ती आई नाही बोलत, बाबा. ते ह्यांनी पढवलेलं आहे."

"आवाज तर तिचाच आहे ना?"

बापलेक एकमेकांकडे बघेनात. दोघांच्या मध्ये उभ्या असलेल्या बाईंना अडकित्त्यात सापडल्यासारखं झालं. मग त्यांच्या मनात एक आलं.

"काका, त्या दिवशी जे जे टिपलं, ते सगळं मंडळात आहे. जाहिरातीत घेतलं नाही, तेसुद्धा. आणू का?"

पुढच्या रविवारी त्यांनी लॅपटॉप स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवला. काका चष्मा पुसून बसले. मुलगी दाराशीच उभी राहिली.

पडद्यावर काकू कॅमेरावाल्याला विचारत होत्या, "जेवलास का रे बाबा?" मग काकांना म्हणाल्या, "अहो, गुंड्या वरखाली लागल्यात. लोक म्हणतील, बायको घरात करते तरी काय!" इतक्यात एक माशी काकांच्या नाकाच्या शेंड्यावर बसली, काका डोळे तिरळे करून तिच्याकडे बघू लागले आणि काकू पोट धरधरून हसल्या. पुढच्या पडलेल्या दाताची फट लख्ख दिसली. म्हणूनच ते हसू जाहिरातीत घेतलं नव्हतं. टेबलाशी बसलेले काकाही हसले. मुलगी कधी त्यांच्या शेजारी येऊन बसली ते तिलाही कळलं नाही.

मग काकू एका रिकाम्या पेटीवर टेकल्या. छातीवर हात ठेवला. "अहो, घरी जाऊ या ना. दम लागलाय मला."

चित्राबाहेरून काकांचा आवाज आला, "थांब गं जरा. एवढं होऊ दे. एवढी माणसं खोळंबलीत."

काकू उठल्या. केस सारखे केले, बाटली हातात घेतली, ओठ मिटून हसल्या. "चाखून तर बघा!"

पाकिटावर होतं ते हेच हसू.

बाईंचा हात लॅपटॉप मिटायला पुढे गेला. "राहू दे," काका म्हणाले.

"बाबा, तुम्हाला काय माहीत होतं?"

"तिने सांगितलं की. दम लागलाय म्हणाली. माणसाने आणखी कसं सांगायचं?"

"काका, त्या दिवशी घाई आमची होती," बाई म्हणाल्या.

"तुमचं कामच ते, मॅडम. नवरा मी होतो."

मुलीने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. ते लहान मुलासारखे रडले. मग नळाखाली तोंड धुऊन आले आणि म्हणाले, "ते पाकीट बंद करा. दुकानातलंही. माझी पोर म्हणते ते खरं आहे. हे मात्र माझ्याकडे ठेवून जा. सगळं. दम लागल्याचंसुद्धा. त्यातलं काही कापू नका."

साहेब कुरकुरले, पण बाई हटल्या नाहीत. आधीची पाकिटं संपली तशी बेकरीने नवी छापली. त्यांवर पिवळी फुलं आली. मुलगी काकांना आपल्याकडे राहायला बोलवत होती, पण "पेट्या कोण बघणार?" म्हणून ते तिथेच राहिले. आता तीच दर रविवारी जाते. ब्रेड नेत नाही.

उन्हाळा लागल्यावर बाई नमुन्याच्या बाटल्या घेऊन त्या मोठ्या बेकरीत गेल्या. बेकरीवाला खुशीत होता. खप तसूभरही कमी झाला नव्हता.

"कुणी काही विचारलं का," बाईंनी बाटल्या मांडता मांडता विचारलं, "पाकिटावरच्या त्या काकू कुठे गेल्या म्हणून?"

त्याने हातावरचं पीठ झटकत आठवून पाहिलं.

"नाही बुवा," तो म्हणाला. "एका गिऱ्हाइकाने विचारलं होतं, पण ते रंग का बदलला म्हणून."