चार नंबरचे ढालकिडे

माझी बायको किडे पाळायची आणि मी किडे मारायचो. दोघंही एकाच ठिकाणी कामाला होतो, गुलाबांच्या हरितगृहांत. माझ्या पाठीवर औषधाची टाकी, आणि तिच्याकडे पॅकिंगच्या मागची लहानशी खोली. तिथे ती ढालकिडे वाढवायची, ते लाल पाठीवर काळे ठिपके असलेले. लोक विचारायचे, "तुमचा संसार चालतो तरी कसा?" ती म्हणायची, "मी त्यांना पोटभर खायला घालते आणि हा त्यांच्या जिवावर उठतो. घरोघरी तेच असतं."

चार नंबरचं हरितगृह तिचं. तिथे तीन वर्षं मी औषध मारलं नव्हतं. दर मंगळवारी ऊन उतरलं की ती डबे घेऊन जायची आणि ढालकिडे झाडांवर सोडायची. कोवळ्या शेंड्यांवर मावा, म्हणजे बारीक हिरवी कीड, बसतो, रस शोषतो, कळ्या वाकड्या होतात. एक ढालकिडा दिवसाला पन्नासेक मावा खातो. त्याची अळी दिसायला ओंगळ, पण खायला त्याहून अधाशी.

ती तीन महिने आजारी होती. शेवटी अंथरुणाला खिळली तेव्हा पॅकिंगमधल्या बुटकीने खोली सांभाळली. बुटकी तिची मैत्रीण, तिला ताई म्हणायची.

ती गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात मी कामावर आलो. मॅनेजर म्हणाला, "त्या खोलीचं काय करायचं? मला खोकी ठेवायला जागा हवीय."

"मी बघतो."

"तू? औषधवाला? कोंबड्या राखायला बोका?"

"सुट्टीच्या वेळात बघतो, साहेब."

"महिनाभर बघ. चार नंबरमध्ये मावा चढला की फवारायचं आणि खोली रिकामी करायची."

मी मनापासून केलं. कामाचे कपडे बदलल्याशिवाय आत पाऊल ठेवलं नाही. ट्रेमध्ये घेवडा पेरला, त्यावर मावा वाढवला, तोच त्यांचा शिधा. ढालकिडा बोटांत धरला की पाय पोटाशी घेऊन मेल्याचं सोंग करतो. मग सांध्यांतून पिवळा थेंब काढतो. ते त्याचं रक्तच. एकदा जिभेला लावून पाहिलं. कडूजहर. पक्षी असा किडा एकदा चोचीत धरून थुंकतो आणि पुढे लाल रंग दिसला तरी लांब राहतो, असं ती सांगायची. त्या थेंबाचा वास बोटांना राहतो. तिच्या हातांना तोच यायचा. जेवायला बसली की मी म्हणायचो, "आधी हात धुऊन ये." आता मी माझे धूत नव्हतो.

पहिल्या मंगळवारी डबे घेऊन चार नंबरमध्ये गेलो. झाकण उघडलं की ते परत येणार नव्हते. त्यातले बरेच तिने अंड्यांपासून वाढवलेले होते. मी तसाच मागे फिरलो.

मॅनेजरने विचारलं, "सोडले?"

"सोडले."

दुसऱ्या आणि तिसऱ्या मंगळवारीही तसंच झालं.

मग बुटकी खोलीच्या दारात आली. "भावजी, चार नंबरची पानं हाताला चिकटतायत. मुंग्या लागल्यात. किडे सोडताय ना?"

तिने आत येऊन एक डबा उघडला, मग दुसरा. "हे काय? एवढेच?"

"कमी होतायत. मुंग्या शिरत असतील."

"मुंग्या? डोळे उघडून बघा जरा."

तिने पान माझ्यासमोर धरलं. एक अळी कोषात जायला शेपटीकडून पानाला चिकटली होती, तिला हलता येत नव्हतं. दुसरी अळी तिला डोक्याकडून खात होती. शेजारी अंड्यांची नुसती टरफलं होती.

"मावा आणि जागा कमी पडली की हे एकमेकांना खातात," बुटकी म्हणाली. "म्हणून तर ताई मंगळवार चुकवायची नाही. अंगात ताप घेऊन आलीय ती. तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

ताप मला ठाऊक होता. ती कशासाठी जातेय ते मी कधी विचारलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी उरलेले सगळे सोडले. साठसुद्धा भरले नाहीत. मावा गोड चिकटा सोडतो आणि मुंग्या तो पितात, म्हणून माव्याची राखण करतात. त्या ढालकिड्यांच्या पायांना चावत होत्या. काही किडे खाली पडले, काही उडून गेले. उशीर झाला होता.

सोमवारी मॅनेजर खरेदीदारांना घेऊन आला. एक शेंडा वाकवून त्यांना म्हणाला, "बघा. तीन वर्षं हा किड्यांचा खेळ केला. किड्यांनी काही होत नाही. आजपासून औषध." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "कर सुरू."

माझ्या पाठीवर टाकी भरलेली होती. बुटकी खोकी बांधायची थांबून बघत होती.

"होत होतं, साहेब," मी म्हणालो. "तिचे किडे चोख काम करत होते. मी तीन आठवडे सोडलेच नाहीत. तुम्हाला खोटं सांगितलं. चूक माझी आहे, तिची नाही."

खरेदीदार एकमेकांकडे बघायला लागले. मॅनेजर म्हणाला, "आता खरं बोलून मावा मरणार आहे का? फवार."

ते पुढे गेले. बुटकी जवळ आली.

"चोख काम करत होते, हे तिला कधी बोललात, भावजी?"

"नाही."

तिने आणखी काही म्हणावं म्हणून मी थांबलो. ती खोक्यांकडे गेली.

मी नाकावर मास्क चढवला आणि पहिली ओळ धरली. चौथ्या ओळीत टाकी संपली. बाहेर जाऊन ती भरली आणि पाचवीपासून पुढे सुरू केलं.