बेळ्ळंदूरच्या फ्लॅटचा ताबा

बंगळुरातल्या मराठी माणसाला घराची काही अडचण आली, की तो रत्नाकरकाकांना फोन लावायचा. पुण्या-नागपुराहून नोकरीला आलेली पोरं तर मराठी मंडळाच्या कार्यक्रमात जेवणाचं ताट हातात घेऊनच त्यांना गाठायची. जागा तलावाच्या हद्दीत तर येत नाही ना, कागद कुणाला दाखवायचे, भाडेकरूशी करार कसा करायचा, काका सगळं सांगायचे आणि सांगता सांगता फुलायचे. सरकारी कारखान्यात इंजिनीअर म्हणून उभं आयुष्य गेलेलं. निवृत्तीनंतर असा मान मिळतोय म्हटल्यावर कोण सोडेल? "काहीही करा, पण लेखी घ्या," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

आणि एवढा शहाणा माणूस स्वतःच्या फ्लॅटच्या बाबतीत तोंडावर आपटला.

काका-काकू राहायचे चामराजपेटला, तिसऱ्या मजल्यावर. फ्लॅट होता बेळ्ळंदूरला, सातव्या मजल्यावर, दोघांच्या नावावर. कोरोनानंतर ऑफिसं पुन्हा भरायला लागली तशी तिकडची भाडी अशी चढली, की घरमालकांचे पाय जमिनीवर ठरेनात. काकांनी फ्लॅट एका कंपनीला चालवायला दिला. भाडेकरू कंपनी शोधणार, नळ गळला तर कंपनी बघणार, काकांच्या खात्यात मात्र महिन्याच्या महिन्याला भाडं जमा. "भाडेकरूचं तोंडसुद्धा बघावं लागत नाही," असं ते चारचौघांत कौतुकानं सांगायचे.

मग हेमलताकाकूंना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, पाय ओढायला लागला. चामराजपेटच्या त्या इमारतीला लिफ्ट नाही. व्यायामाला न्यायचं तर खालच्या दुकानातली दोन माणसं बोलवायची आणि काकूंना खुर्चीत बसवून उतरवायचं. पहिल्या खेपेला काकूंनी जिनाभर डोळे मिटून घेतले होते. पुढे त्या खाली जायचंच नाही म्हणू लागल्या. दिवसभर खिडकीशी बसायच्या आणि रस्त्यावरच्या आवाजावरून कोण आलं, कोण गेलं ते ओळखायच्या. बेळ्ळंदूरला राहायला जायचं, हे तेव्हाच ठरलं. तिथे लिफ्ट होती, खाली बाग होती.

नेमकं त्याच सुमारास भाडं यायचं थांबलं. काका कंपनीच्या ऑफिसात गेले, तर दाराला कुलूप आणि बाहेर त्यांच्यासारखेच हवालदिल घरमालक उभे. तिथून काका तडक फ्लॅटवर गेले.

दार नयनानं उघडलं. ती नागपूरची. तिचा नवरा सुशांत एका सॉफ्टवेअर कंपनीत होता, नुकतीच नोकरी गेली होती. चार वर्षांची मुलगी आईच्या मागे लपून बघत होती. "भाडं?" नयना म्हणाली. "काका, आम्ही तर लीजवर घेतलंय."

लीज म्हणजे काय, हे बंगळुरात राहणाऱ्याला सांगावं लागत नाही. एकरकमी पैसे द्यायचे, भाडं न भरता राहायचं आणि घर सोडताना सगळी रक्कम परत घ्यायची. नयनानं कंपनीला अठरा लाख दिले होते. त्यात तिच्या आईचं स्त्रीधन होतं आणि सुशांतची होती नव्हती ती सगळी बचत. त्या पैशांतून कंपनी काकांना भाडं देत होती, आणि उरलेले घेऊन पळाली होती.

"एजंट म्हणाला, मालक तुमच्यातलेच आहेत, मराठी, सरकारी नोकरीतले," नयना म्हणाली. "मग आम्ही जास्त चौकशीच नाही केली."

काका तसेच मागे वळले. ते पाणीसुद्धा न पिता निघाले.

वकील मकरंद हा मंडळातल्याच एका स्नेह्याचा मुलगा. त्यानं मोकळेपणानं सांगितलं, "काका, ते स्वतःहून गेले तर ठीक. कोर्टात गेलात तर काकूंना चार-पाच वर्षं तरी तिसऱ्या मजल्यावरच बसावं लागेल. आणि एक सांगतो, त्यांना काहीही लिहून देऊ नका. तुम्ही कंपनीला अधिकार दिला होता असं एकदा कागदावर आलं, की उद्या ते अठरा लाख तुमच्याकडे मागतील. कोर्ट काय म्हणेल, सांगता येत नाही."

आठवड्यानं नयनाच चामराजपेटला आली. भांडायच्या तयारीनंच जिना चढली असावी. पण त्याच वेळी दुकानातली माणसं, डॉक्टरकडे न्यावंच लागलेल्या काकूंना खुर्चीतून वर आणत होती आणि शेवटच्या वळणावर खुर्ची कलली. काकूंच्या तोंडून नुसताच आवाज निघाला. नयनानं पर्स तिथंच टाकली आणि धावत जाऊन खालून खुर्चीला खांदा लावला. घरात आल्यावर ती बराच वेळ काकूंच्या पायाशी बसून राहिली.

"आम्ही घर सोडतो," ती म्हणाली. "काका, पोलीस स्टेशनात आमचं कोणी ऐकूनच नाही राहिलं. करारावर मालकाची सही नाही म्हणतात. तुम्ही फक्त एवढं लिहून द्या, की फ्लॅट तुम्ही कंपनीला दिला होता आणि आम्ही तिथे राहत होतो. मग फसवलेल्या लोकांत आमचं नाव घेतील. काही वसूल झालं तर आमच्याही वाट्याला येईल."

काकूंनी डाव्या हातानं तिचा हात धरला. "अहो, देणार ना?"

"देतो की," काका म्हणाले. "त्यात काय एवढं."

आणि त्या क्षणी त्यांना ते खरंच द्यायचं होतं, हेही सांगून टाकतो. माणूस मुळातला वाईट नव्हता.

महिनाअखेर नयना आणि सुशांतनं सामान टेम्पोत भरलं. किल्ल्या देताना नयना म्हणाली, "काका, तो कागद?"

"वकिलाला दाखवून दोन दिवसांत पाठवतो."

"सरी, काका," असं इथल्या कन्नड सवयीनं 'बरं' म्हणून तिनं किल्ल्या त्यांच्या हातावर ठेवल्या. साऱ्या गावाला लेखी घ्या म्हणून सांगणाऱ्या माणसाकडून तिनं मात्र लेखी घेतलं नाही. काकांकडून कोण घेणार?

दोन दिवस गेले, आठवडा गेला. काकांनी कागद लिहिला, पण सही करायला पेन उचललं की मकरंदचे शब्द आठवायचे. फ्लॅटवर जप्ती येईल, हेमलताला परत कुठे न्यायचं? भीती खरी होती. नयनाचा फोन आला की ते उचलायचे नाहीत. पुढे फोन यायचे बंद झाले, आणि सांगायला लाज वाटते, पण काकांना हायसं वाटलं.

इकडे बेळ्ळंदूरला राहायला आल्यावर काकूंचे दिवस पालटले. लिफ्टचं बटण त्या स्वतः दाबायच्या. संध्याकाळी बागेतल्या बाकाशी चाकाची खुर्ची लावून बसायच्या. तलावाकडून वास आला तर नाकाला पदर लावायच्या, पण वर काही जायच्या नाहीत. गाल भरले, बोलणंही बरंच सुधारलं.

"त्या पोरीचा कागद दिलात ना?" एकदा त्यांनी विचारलं.

"दिला," काका म्हणाले.

मग काय, काकूंनी ते बागेतल्या बायकांना सांगितलं. नयनाचं त्या बायकांशी चांगलं मेतकूट जमलं होतं. त्या हळहळायच्या, तेव्हा काकू म्हणायच्या, "आमच्या ह्यांनी लगेच सही करून दिली हो. वकील नको म्हणत होता, तरी दिली." कुणी अक्का त्यांचा हात दाबायची. काकूंना नवऱ्याचा इतका अभिमान लग्नानंतर कधी वाटला नसेल.

चैत्रातल्या हळदीकुंकवाला नयनाला बोलवायचं त्यांच्या मनात आलं. काका पेपर वाचत होते. काकूंनी फोन लावला आणि डाव्या हातानं कानाशी धरला.

"नयना, अगं मी हेमलताकाकू. कशी आहेस? ह्यांनी कागद दिला होता, त्याचं पुढं काही झालं का गं?"

काकांनी पेपर खाली ठेवला नाही. पलीकडचा आवाज बारीक ऐकू येत होता. नयना चिडली नव्हती, तेच जास्त वाईट. ती नागपूरला आईकडे होती. कागद आलाच नव्हता. पोलिसांनी फसवलेल्यांची यादी कोर्टात दिली, त्यात त्यांचं नाव नव्हतं. "आता त्रास नका करून घेऊ, काकू," ती म्हणत होती. "चालता का आता थोडं?"

काकूंनी फोन मांडीवर ठेवला.

"तुझ्यासाठीच केलं," काका म्हणाले. "घर गेलं असतं तर तुला मी कुठे नेलं असतं?"

"माझं नाव मधे घेऊ नका," काकू म्हणाल्या. शब्द अगदी स्वच्छ उमटले. "त्या बायकांना मी रोज काय सांगत होते, माहीत आहे तुम्हाला?"

काकांनी खालमानेनं आत जाऊन तो लिहिलेला कागद आणला आणि त्यांच्यासमोर सही केली. काकूंनी तिकडे पाहिलंही नाही. आता त्या सहीला विचारतं कोण?

संध्याकाळ झाली. काकांनी चाकाची खुर्ची दाराशी आणली आणि रोजच्यासारखं दार उघडून धरलं. लिफ्ट मजल्यावरच उभी होती.

"दार लावा," काकू म्हणाल्या. "मला खाली जायचं नाही."

तेव्हापासून त्या बागेत गेलेल्या नाहीत.