बाळ अजून लहान आहे

बांधकामावर मी क्रेन चालवते. वरच्या मजल्यावर लोखंड चढवायचं असलं की मुकादम आधी माझ्या तोंडाकडे बघतो, मग बोलतो. पण वर्षातून एकदा मी आईचं बोट धरून विद्यापीठाच्या बालरोग संशोधन विभागात जाते, भिंतीवर रंगवलेल्या जिराफाला पाठ लावून उभी राहते आणि डॉक्टर म्हणतात, "बाळ, टाचा टेकव." जिराफ माझ्या छातीपर्यंत येतो. त्यामुळे माझी उंची 'जिराफापेक्षा जास्त' एवढीच लिहिली जाते.

बोट काही मी हौसेने धरत नाही. तसा नियमच आहे. मी तान्ही असताना मला खोकल्याची उबळ यायची. इथल्या एका प्राध्यापकांनी तेव्हा लहानपणच्या आजारांचा अभ्यास सुरू केला आणि त्यात मला घेतलं. अभ्यास बालपण संपेपर्यंत चालायचा होता. पण बालपण कधी संपतं हे त्यांनी वयावर ठेवलं नाही. त्यांनी दहा प्रश्न काढले. आईने दहाही उत्तरं बरोबर दिली की मूल मोठं झालं. बाकीच्या आयांनी ती वेळच्या वेळी देऊन टाकली आणि त्यांची मुलं सुटली. माझी आई पडली सत्यवचनी. एका वर्षी 'पसारा आवरत नाही' यावर अडली, पुढच्या वर्षी 'मोज्यांशिवाय बूट घालते' यावर. मला मुलगी झाली त्या वर्षी 'मूल कशाशी खेळतं?' या प्रश्नाला तिने "दिवसभर हिलाच घेऊन बसलेली असते" असं सांगितलं आणि माझी लेक कॉम्प्युटरमध्ये 'खेळणी' या सदरात गेली.

ते प्राध्यापक निवृत्त झाले, त्यांच्यानंतरचेही झाले. आताचे डॉक्टर तर माझ्याहून लहान आहेत. माझा खोकला शाळेत असतानाच गेला, तरी विभागाला माझा भारी अभिमान. एवढं लांबलेलं बालपण दुसऱ्या कुठल्याच विद्यापीठाकडे नाही, असं ते पाहुण्यांना सांगतात. मीही सगळं हसण्यावारी नेत होते. अर्ध्या दिवसाची सुट्टी मिळते, बिघडतं काय?

बिघडलं ते यंदा. माझी लेक सहा वर्षांची आहे. चार पायऱ्या चढली की तिच्या छातीतून शिट्टी वाजते. बागेत नेलं तर बाकावर बसून दुसऱ्यांचा खेळ बघते. होती नव्हती ती सगळी औषधं करून झाली होती. अशा मुलांसाठी एका नव्या औषधाची चाचणी त्याच विभागात सुरू होती आणि ते औषध दुसरीकडे कुठेच मिळत नव्हतं. मी लेकीला घेऊन खिडकीपाशी गेले.

"संमती पालकांची लागेल," खिडकीतल्या बाई म्हणाल्या.

"मीच पालक."

त्यांनी कॉम्प्युटरमध्ये बघितलं आणि प्रेमाने हसल्या. "तू तर बाळ आहेस. बाळाची सही चालत नाही. आणि ही खेळण्यांत आहे."

"अहो, हिला धाप लागलीये! ऐकू येत नाही का तुम्हाला?"

"येतंय ना. आवाज करणारी खेळणीही असतात."

मी कपाळावर हात मारला. मुलीचा बाप आम्हाला सोडून गेला तो गेलाच, त्याची सही आणायची कुठून? आजीची चालेल का विचारलं, तर खेळण्याला आजी नसते म्हणे. डॉक्टरांनीही हात वर केले.

"एकच उपाय आहे," ते म्हणाले. "तुझ्या आईने दहाही उत्तरं बरोबर द्यायची. तू मोठी झालीस की ही आपोआप मूल होईल. पण चाचणीत मुलं घेणं शुक्रवारी बंद होतंय."

घरी येऊन मी आईला सगळं समजावलं. "आई, या वेळी मुकाट्याने हवं ते बोल. एवढंच कर."

"म्हणजे खोटं बोलू?"

"नातीसाठी बोल!"

"बघू," आई म्हणाली. आईच्या या 'बघू'पायी माझी सायकल गेली, शाळेच्या सहली गेल्या. माझ्या जिवाला घोर लागला.

शुक्रवारी आम्ही त्या बुटक्या खुर्च्यांवर बसलो. लेक आजीच्या मांडीवर होती. डॉक्टर वाचायला लागले.

"मूल स्वतःच्या हाताने जेवतं?"

"जेवतं. उभ्या उभ्या जेवतं, पण जेवतं."

"सांगितलेलं ऐकतं?"

आईने माझ्याकडे एक नजर टाकली. "बाहेरच्यांचं ऐकतं."

"आई!" मी ओरडले.

"बाळ, मोठी माणसं बोलताना मध्ये बोलू नये," डॉक्टर म्हणाले.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण इथे भांडले असते तर उरलंसुरलं मोठेपणही गेलं असतं. म्हणून मी ओठ घट्ट मिटून घेतले. डॉक्टरांनी डोकं खाजवून 'हो' लिहिलं. असे रडतखडत नऊ प्रश्न पार पडले. मोज्यांच्या प्रश्नाला तर आईने माझा बूट काढायला लावून खात्री करून घेतली.

"शेवटचा. आजारी पडल्यावर मुलाला आई लागते?"

इथे 'नाही' हवं होतं. गेल्या हिवाळ्यात मी तापाने फणफणले होते, तेव्हा फोन करून तिलाच बोलावलं होतं. तिने कपाळावर ठेवलेला हात मी तिला पाणी प्यायलासुद्धा उचलू दिला नव्हता. दोघींनाही तेच आठवत होतं.

"मला काय माहीत?" आई शेवटी म्हणाली. "तिलाच विचारा."

"मुलाचं उत्तर आम्हाला चालत नाही."

"मग मी विचारते." आई माझ्याकडे वळली. "लागते का गं मी?"

तिच्या आवाजात राग नव्हता की टोमणा नव्हता. तिला खरंच हवं होतं उत्तर. तिच्या मांडीवर माझी लेक श्वास ओढत होती, आणि प्रत्येक श्वासाला तिच्या गळ्याखाली खळगा पडत होता.

"नाही लागत," मी म्हणाले.

इतकं मोठं खोटं मी आयुष्यात बोलले नव्हते. आईने चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"लिहा," ती म्हणाली. "नाही लागत."

शिक्का बसला. डॉक्टर ताडकन उठून उभे राहिले, मला एकदम "मॅडम" म्हणाले आणि माझ्यासाठी मोठी खुर्ची मागवली. मी लेकीच्या कागदावर सही केली. ती खेळण्यांतून निघून मुलांत आली, तिचं वजन झालं, औषधाचा पहिला डोसही लगेच दिला. तोंड वाकडं करत तिने तो घेतला.

बाहेर पडल्यावर आई आमची पिशवी घेऊन पुढे निघाली, नेहमीपेक्षा भरभर. मी लेकीला कडेवर घेतलं, जिन्यापाशी आईला गाठलं आणि तिच्या खांद्यावर डोकं टेकलं. मला रडू आवरेना. "लागतेस गं, आई. लागतेस."

लोक वळून बघायला लागले. आईने मला घाईघाईने खांबाआड ओढलं आणि हाताने माझे डोळे पुसले.

"गप, आधी गप बस," ती कुजबुजली. "आतून कुणी पाहिलं तर परत लहान करतील."