तांबडा खांब डाव्या हाताला

तुम्ही मला खोटं बोलायला लावलंत. तुम्ही म्हणजे तुम्हीच, खाडीचे सरकारी साहेब, ज्यांच्या परवानगीशिवाय या खाडीत एक खुंटीसुद्धा हलत नाही. तुम्हाला सांगितलं होतं. ज्याला ज्याला तोंड होतं त्या प्रत्येकाने सांगितलं होतं. तुम्ही ऐकलंत, मान डोलावलीत आणि रंगाचा डबा पाठवलात.

बालमित्रांनो, मी एक जुना लाकडी खांब आहे. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण किनाऱ्यावर पेल्हॅमची खाडी आहे. भरतीला ती समुद्रासारखी दिसते आणि ओहोटीला नुसता काळा गाळ उरतो. त्या गाळातून होड्यांना जाण्यापुरती खोल पाण्याची एक वाट असते. ती वाट दाखवायला मला रोवलं.

आधी मी झाड होतो. माझी साल सोलली, मला डांबर पाजलं, तराफ्यावर आडवा घालून आणलं आणि डोक्यात घण घालून घालून गाळात उतरवलं. दुखलं, पण तक्रार नाही. उपयोगाला येणं काय असतं ते मला त्या दिवशी कळलं. डोक्यावर तांबडा डबा बसवला आणि मी पेल्हॅमचा तांबडा खांब झालो. इथला नियम एवढाच: घरी येताना तांबडा खांब डाव्या हाताला ठेवायचा. इथल्या पोरांना बुटाची नाडी बांधायच्या आधी हे शिकवतात.

मी खूप वर्षं खरं बोललो. इथे ऋतू उलटे: उन्हाळा सरून एप्रिल लागला की वारा पडतो, पाणी निवळतं आणि मुडदुशी मासळी खाडीत शिरते. मग गावातली निम्मी माणसं पत्र्याच्या होड्या घेऊन गळ टाकायला निघतात. कुणाचं पोट त्यावर नाही. मजा म्हणून जातात, आणि एकमेकांचे मासे बघून जळायला. परतताना धुक्यात मी दिसलो की कुणीतरी म्हणायचं, "तो बघ म्हातारा, आलं घर." ते ऐकलं की अंगाला चिकटलेली कालवांची शिंपलीसुद्धा जड वाटायची नाहीत.

मग एका वर्षी मोठा पूर आला. नदीने इतका गाळ आणून ओतला की खोल वाट माझ्या एका बाजूने उठली आणि दुसऱ्या बाजूला जाऊन बसली. खाडी कुणाच्या परवानगीने वाहत नाही. मी मात्र परवानगीने उभा. आता मला डाव्या हाताला ठेवून येईल तो सरळ गाळात जाईल, हे मला पहिल्या ओहोटीलाच दिसलं. पण खांब काय करणार? मला बाजूला सरकता येत नाही. मला आडवं पडतासुद्धा येत नाही.

गावकऱ्यांनी तुम्हाला कळवलं. तुम्ही म्हणालात, पाहणी होईल. तेव्हा बेरिल क्वेड उठली. धक्क्याजवळ तिचं आमिषाचं आणि बर्फाचं दुकान आहे. वय सत्तरीचं, आवाज भोंग्यासारखा. तिने पिवळ्या गमबुटांची जोडी माझ्या डोक्यावर उलटी टांगली. उलटे बूट म्हणजे या खांबाचं ऐकू नका. आठवड्यात सगळ्या खाडीला कळलं. मित्रांनो, मी वेड्यासारखा दिसत होतो, पण पुन्हा खरा झालो होतो.

तुमची लाँच आली ती बूट बघून.

"सरकारी खांबावर काही टांगता येत नाही," तुमचा तरुण साहेब म्हणाला.

"बाळा, त्या खांबाने उद्या कुणाचा जीव घेतला तर तो कुठे टांगशील?" बेरिलने आपल्या होडीतून विचारलं.

"आजी, खांब नकाशाप्रमाणे बरोबर जागी आहे."

"खांब बरोबर आहे रे. खाडी चुकली. तिलाच दंड कर."

साहेब हसला नाही. बूट काढले, पुन्हा टांगले तर दंड तिला होईल असं बजावलं, आणि मला वरपासून खालपर्यंत असा लालभडक रंग मारला की मैलभर लांबून दिसावा. रंग अजून ओला होता आणि मला रडावंसं वाटत होतं. खोटं बोलणाऱ्याला नवे कपडे घातले की लोक जास्त विश्वास ठेवतात.

तेव्हापासून बेरिल धक्क्यावर येणाऱ्या प्रत्येक नव्या होडीला ओरडून सांगायची, "खांब उजव्या हाताला ठेवा रे, उजव्या!" पण सगळेच काही धक्क्यावरून निघत नाहीत.

आयव्हर ट्रेस्कट याच खाडीवर जन्मला. बायको गेल्यावर आणि गुडघा बदलल्यावर तो शहरात लेकीकडे राहायला गेला. पूर आला तेव्हा तो इथे नव्हता. त्या एप्रिलला तो मेहुण्याला, डेसला, बरोबर घेऊन परत आला आणि ओढ्याकाठच्या आपल्या बंद घरातून थेट होडी लोटली. डेस किनाऱ्यापासून लांब, आत मेंढ्यांच्या मुलुखातला. त्याला पाणी म्हणजे हौद एवढंच माहीत. सकाळी भरती होती, गाळावरही पाणीच पाणी. दोघं सुखरूप बाहेर गेले.

परतले तेव्हा ओहोटी अर्धी उतरली होती. होडीत मुडदुशीची बादली होती आणि डेस फुगला होता.

"माझी मोठी आहे," तो म्हणाला.

"तुझी मोठी दिसते, कारण तू ती पहिल्यांदाच बघतोयस," आयव्हर म्हणाला. मग त्याने मला पाहिलं. "तो बघ. काय रंग लावलाय. अजून काळजी घेतात रे खाडीची."

डेस पुढे बघत होता. "आयव्हर, तिथे बगळे आहेत."

"असू देत."

"पोहत नाहीयेत. उभे आहेत."

"मेंढपाळा, मला बगळे शिकवू नकोस. खांब डाव्या हाताला आहे ना? मग झालं."

मी त्याच्या डाव्या हाताला होतो. इतक्या जवळून गेला की मला त्याच्या दाढीचे पांढरे खुंट दिसले. माझ्याकडे तोंड नाही, हात नाही. माझ्याकडे फक्त रंग होता, आणि तो त्याला ये म्हणत होता.

होडी गाळात रुतली. पाणी भराभर उतरत होतं, म्हणून आयव्हर घाईने ढकलायला खाली उतरला. ढकलल्यावर होडी हलली, तो नाही. मांड्यांपर्यंत आत गेला होता.

डेसने ओढून पाहिलं. मग फोन केला. बचावाचं पथक शहरातून यायला वेळ होता, म्हणून त्यांनी बेरिलला कळवलं. ती आली आणि माझ्या पलीकडे, जिथे आता खरी खोल वाट आहे, तिथे थांबली. मधल्या गाळावर होडी येत नव्हती. होडी यायला पाणी लागणार होतं, आणि तेच पाणी आयव्हरला बुडवणार होतं.

बेरिल दोन फळ्या पुढे-मागे सरकवत पोटावर घसटत गाळावरून आली. बरोबर तिने आमिषाचा हातपंप आणला होता. त्याने एरवी बिळातले झिंगे ओढून काढतात. तो उलटा मारून ती आयव्हरच्या पायाशेजारी पाणी घालायला लागली, म्हणजे गाळ सैल होतो.

"तू होय आयव्हर," ती धापा टाकत म्हणाली. "मला वाटलं कुणी शहरी गाढव असेल."

"तेच आहे. खांब कधीपासून खोटं बोलायला लागला गं?"

"तो नाही बोलत. त्याला बोलायला लावलंय."

मित्रांनो, त्या दिवशी माझी बाजू घेणारी ती एकटीच.

एक पाय सुटला. दुसरा सुटेना, बदललेला गुडघा वळत नव्हता. तोवर ओहोटी फिरून भरती लागली. पाणी त्याच्या कमरेशी आलं, मग छातीशी. त्याचे ओठ निळे झाले होते. त्याने माझ्याकडे पाहिलं. माझ्या अंगावर कालवं जिथपर्यंत चिकटली आहेत तिथपर्यंत भरतीचं पाणी चढतं, हे इथल्या पोरालाही ठाऊक असतं.

"डेस, कालवं कुठवर आहेत?"

डेसने पाहिलं. ती आयव्हरच्या डोक्याच्या वर होती.

"दिसत नाही. चष्मा पाण्यात पडला."

"चष्मा तुझ्या नाकावर आहे, मेंढपाळा," आयव्हर म्हणाला.

मला तेव्हा एकच वाटत होतं. कुणीतरी मला मुळापासून कापावं आणि त्याच्या हाताखाली तरंगायला द्यावं. लाकूड आहे मी. तरंगणं मला येतं. पण मी गाळात घट्ट उभा होतो, आणि बेरिल त्याची हनुवटी आपल्या खांद्यावर धरून पंप मारत होती.

पाणी हनुवटीला लागलं तेव्हा गाळाने पाय सोडला. भरतीवर तरंगू लागलेल्या होडीत त्याला ओढलं. तो श्वास घेत होता. मी ऐकला तो श्वास. होडी मला उजव्या हाताला ठेवून, खऱ्या वाटेने गेली.

पुढचं मला डेसकडून कळलं. काही दिवसांनी तो एकटाच वल्हवत आला, वेडावाकडा. माझ्यापाशी थांबला. "थंडीने हृदय बंद पडलं त्याचं," तो मला म्हणाला. "धक्क्यावर. गाडीत चढवायच्या आधी." मग त्याने वल्हं उचललं आणि माझ्या अंगावर घातलं. पुन्हा घातलं. "खोटारड्या," तो म्हणत होता, "खोटारड्या." कालवं फुटून पाण्यात पडली. मी त्याला कसं सांगणार होतो? त्याचं चुकलं असंही मला म्हणता येत नाही.

त्यानंतर तुमची लाँच पुन्हा आली. दोघांनी माझे फोटो काढले, हातोडीने ठोकून पाहिलं. एक म्हणाला, "काय लाकूड आहे. अजून वीस वर्षं हलणार नाही." एके काळी असं कौतुक ऐकून मी फुललो असतो. त्या दिवशी मला कुजावंसं वाटलं.

मित्रांनो, मोठे झालात की तुमच्यातलं कुणीतरी त्या लाँचमध्ये बसेल. तेव्हा एवढं करा. एखाद्या जुन्या वस्तूची काळजी घ्यायला निघालात तर रंगाच्या आधी ती आज खरं सांगते आहे का, ते बघा. सांगत नसेल तर तिला हलवा. हलवता येत नसेल तर तोडा. तिला वाईट वाटणार नाही.

आणि तुम्ही, ज्यांच्या परवानगीने मी इथे उभा आहे. आज पुन्हा एप्रिल आहे. पाणी निवळलंय, मुडदुशी आत शिरली आहे, आणि मी अजून नकाशाप्रमाणे बरोबर जागी आहे. बाहेरून एक होडी येते आहे. निळी आहे, ओळखीची नाही. आत एक बाई आहे आणि तिचा बाप, दोघं हसताहेत. ओहोटी लागली आहे. बाईने मला पाहिलं आणि मला डाव्या हाताला ठेवायला सुकाणू वळवलं.

तिला काय सांगू? तुम्हाला विचारतो आहे. उत्तर द्या.