माझ्या पोटात गेलेले वाक्य

मी एक जुने कागद कातरण्याचे यंत्र आहे. मित्रांनो, नाव रुक्ष वाटेल, पण ऑस्ट्रेलियातल्या हॉबर्ट शहराच्या एका कचेरीत मला सगळे 'बकरी' म्हणत. कागद दिसला की मी तोंड घालणार, म्हणून.

माझा जन्म मेलबर्नच्या कारखान्यात झाला. माझ्या भावंडांना बँका मिळाल्या, वकील मिळाले. मला मिळाली ही खोली. इथे अकाली गेलेल्या मुलांविषयी बोलणे होई. कोणाला शिक्षा करण्यासाठी नव्हे. कोण कुठे कमी पडले आणि पुढचे मूल कसे वाचेल, एवढेच शोधायचे. पोलीस, नर्स, डॉक्टर टेबलाभोवती बसत आणि एरवी ओठांवर न येणारे इथे सांगत. कारण इथला शब्द बाहेर जात नसे. बैठक संपली की आमची सचिव ग्लेनिस प्रत्येकाची प्रत मागून घेई, मोजे आणि मला भरवी. मूळ कागद तेवढे कुलपात राहत.

एका हिवाळ्यात जवळच्या एका छोट्या बेटावरच्या बाळाचा विषय आला. शेजारच्या म्हातारीने त्याच्या अंगावरचे वळ पाहिले होते. बाळाचा बाप तिचा सख्खा भाचा. ग्लेनिस स्वतः जाऊन तिच्या स्वयंपाकघरात बसून आली होती. "माझं नाव कळलं, तर या बेटावर मला कोणी दारात उभं करायचं नाही," म्हातारी म्हणाली होती. नाव कळणार नाही, असा शब्द ग्लेनिसने तिला दिला.

ग्लेनिसने लोकांसाठी छापायच्या अहवालाचा मसुदा लिहिला. प्रत्येक नाव, गाव, तारीख खोडली. बैठकीत तो वाचताना जोडी नावाची बेटावरची नर्स एकदम थांबली.

"ग्लेनिस, हे काय? 'रोज बदकाची अंडी आणून देणारी शेजारीण'?"

"नाव कुठे आहे त्यात? बाळावर तिची किती माया होती, ते कळावं म्हणून ठेवलं."

"अगं बाई, आमच्याकडे बदकं एकाच घरी आहेत. हे छापलंस तर संध्याकाळच्या आत अख्ख्या बेटाला कळेल."

ग्लेनिसचा चेहरा उतरला. नशीब, छापायचे बाकी होते. तिने लगेच प्रती गोळा केल्या, तर एक कमी. पोलीस डॅरिल फुटबॉलचा सामना बघायला लवकर सटकला होता, आणि सामना नेमका बेटाच्या संघाशी होता. म्हणजे मैदानावर निम्मे बेट हजर.

"डॅरिल, तुझी प्रत कुठे आहे?" ग्लेनिसने फोनवर विचारले.

"गाडीत. सीटवर तेल सांडू नये म्हणून शिंपल्यांच्या पॅटिसखाली घातलीय."

"आहे तशी घेऊन परत ये."

"सामना सुरू होतोय गं."

"तुझा सामना गेला खड्ड्यात."

तो कुरकुरत आला. "पोलिसाचा कारभार बघा, पॅटिसखाली!" जोडी म्हणाली. डॅरिल हसला, मग त्याला कारण कळले. "म्हातारीला काही त्रास नाही ना होणार?" त्याने हळूच विचारले. तेलकट कागद मी मुकाट्याने खाल्ला. कित्येक दिवस माझ्या दातांना मसाल्याचा वास येत होता.

अहवाल त्या वाक्याशिवाय निघाला. कोणाला काही कळले नाही. म्हातारी पूर्वीसारखी सगळ्यांत उठत-बसत राहिली.

पुढच्या हिवाळ्यात जोडी बैठकीला आली तेव्हा चहा ओतता ओतता म्हणाली, "त्या म्हातारीने परत कळवलं, फोन करून. दुसऱ्या एका घराबद्दल. या वेळी आम्ही वेळेत पोचलो."

ग्लेनिस चष्मा काढून थोडा वेळ रडली. त्या दुसऱ्या घरातले बाळ कागद होऊन माझ्यापर्यंत कधी आलेच नाही. उपाशी राहण्याचा एवढा आनंद मला पुन्हा झाला नाही.

आता माझे दात बोथट झाले आहेत. नवे यंत्र आले आणि मी अडगळीत गेले. माझ्या डोक्यावर कोणीतरी सुकलेली कुंडी ठेवली आहे. वाईट वाटते, पण असो. मित्रांनो, एखादे मूल संकटात दिसले तर गप्प बसू नका. भरवशाच्या मोठ्या माणसाला सांगा. आणि कोणी भरवसा ठेवून सांगितले, तर सांगणाऱ्याला जपा.

आणि हो, बेटावर बदके पाळणारी म्हातारी शोधायला निघाला असाल, तर परत फिरा. ती बदके नव्हतीच; खरे काय होते, ते माझ्या पोटात गेले.