कोपरे कापणारी

इंग्रजी ही लबाड भाषा आहे, असं थोरलीचं पहिल्यापासून मत होतं. शब्द ओळखीचे आणि अर्थ भलताच. 'पीस ऑफ केक' म्हणायचं, आणि त्यात ना केक ना तुकडा, नुसतं 'सोपं आहे' एवढंच. मग सोपं म्हणायला यांचं तोंड दुखतं की काय?

पण गरज तिला होती, भाषेला नव्हती. शर्टांच्या कारखान्यात कॉलर शिवण्यात तिची निम्मी हयात गेली होती. आता सुईत दोरा ओवताना डोळ्यांतून पाणी यायचं आणि डॉक्टरांनी मशीन सोडा म्हणून बजावलं होतं. नेमकी तेव्हाच नमुना खोलीच्या प्रमुखाची जागा रिकामी झाली. त्या जागेवर शिवायचं नसतं, दुसऱ्यांनी शिवलेलं तपासायचं असतं. ती मिळाली तर नोकरी टिकणार होती, नाहीतर घरी बसायचं. अडचण एकच, मुलाखत नवा मॅनेजर घेणार होता, आणि तो इंग्रजीशिवाय बोलत नसे. त्यातही सरळ बोलला तर शपथ.

"ताई, मी आहे ना! तुम्ही कशाला काळजी करता?" धाकटी म्हणाली.

धाकटी म्हणजे तिची जाऊ. एकाच घरात, एकाच कारखान्यात. लग्न होऊन आली तेव्हा तिला बटण लावता येत नव्हतं. थोरलीने तिला शेजारी बसवून हात धरून शिकवलं, कारखान्यात चिकटवलं, तिच्या चुका स्वतःच्या अंगावर घेतल्या. धाकटी शिकलेली होती, इंग्रजी फाडफाड बोलायची. त्या जागेसाठी अर्ज तिनेही केला होता, पण ते तिने लपवलं नव्हतं. "मी आपली सहज बसतेय हो, अनुभव म्हणून," असं हसत सांगून टाकलं होतं. थोरलीला त्यात वावगं काही वाटलं नाही.

मग रोज संध्याकाळी भाजी चिरता चिरता शिकवणी सुरू झाली. थोरली घोकंपट्टी करायची, दीर हसून हसून बेजार व्हायचे. एके दिवशी थोरलीने विचारलं, "अगं, आज मॅनेजर कापड कापणाऱ्यांवर ओरडत होता. त्यातलं 'कट कॉर्नर्स' तेवढं कळलं. म्हणजे आपल्या कॉलरसारखंच की!"

कॉलर आधी उलटी शिवतात. सुलटी करण्यापूर्वी टोकाशी जास्तीचं कापड शिलाईला लागून तिरकं कापावं लागतं, नाहीतर टोक बोथट येतं, आत गाठोडं होऊन बसतं. आळशी बाई ते कापत नाही. थोरलीने आयुष्यात एकही कोपरा तसा सोडला नव्हता.

धाकटीची सुरी जरा थांबली. मग ती म्हणाली, "अगदी तसंच, ताई. म्हणजे मन लावून, बारकाईनं काम करणं. मुलाखतीत हेच सांगा. पुढे 'ऑल्वेज' लावा, म्हणजे साहेब खूश."

थोरलीने ते वाक्य पाठ केलं, आरशासमोर उभं राहूनसुद्धा म्हणून पाहिलं. मुलाखतीत मॅनेजरने विचारलं, तुम्हालाच का घ्यावं? ती ताठ बसली आणि म्हणाली, "सर, आय ऑल्वेज कट कॉर्नर्स."

मॅनेजरने भुवया उंचावल्या. शेजारी बसलेल्या हिशेबनीस बाईंना ठसका लागला. "ऑल्वेज?" त्याने पुन्हा विचारलं. "ऑल्वेज, सर! ऑल्वेज!" थोरली उत्साहाने म्हणाली. आपण बाजी मारली असं समजून ती बाहेर आली, आणि दारात उभ्या धाकटीच्या पाठीवर थाप मारून म्हणाली, "जा, भिऊ नकोस."

जागा धाकटीला मिळाली.

थोरलीला वाईट वाटलं, पण ते तिने गिळलं. घरातच राहिली ना जागा, असं स्वतःला समजावलं, तोंड भरून कौतुक केलं. दोन दिवसांनी पाण्याच्या टाकीपाशी हिशेबनीस बाईंनी तिला गाठलं. "राग मानू नका, पण ते वाक्य तुम्हाला कुणी शिकवलं हो? त्याचा अर्थ होतो, मी नेहमी कामात चालढकल करते. वरवरचं उरकते."

थोरलीचे कान गरम झाले. तरी तिच्या तोंडून पहिल्यांदा आलं ते असं: "जावेनं सांगितलं. तिचाही समज चुकला असेल हो, बिचारीचा."

हिशेबनीस बाई जरा घुटमळल्या. "त्या तुमच्यानंतर आत आल्या ना? त्यांनीही हेच वाक्य म्हटलं. फक्त 'ऑल्वेज'च्या जागी 'नेव्हर' घातलं."

जिला बोट धरून उभं केलं, तिने केसाने गळा कापला. शिफ्ट संपेपर्यंत ती मशीनवर नुसती बसून होती. नोकरी जाईल याचं दुःख होतंच, पण ते मागे पडलं होतं. दारात आपण तिच्या पाठीवर थाप मारली, हे तिला राहून राहून आठवत होतं.

घरी आल्यावर ती सरळ स्वयंपाकघरात गेली. धाकटी कांदा चिरत होती.

"'नेव्हर' म्हणालीस ना तू?"

धाकटीच्या चेहऱ्याचा रंग उडाला. मग ती हसली, हसण्याचा प्रयत्न तरी केला. "अय्या ताई, तुम्ही खरंच तसं बोललात? अहो, ती गंमत होती! म्हटलं, नंतर सांगू. मनाला नका लावून घेऊ. आय वॉज जस्ट पुलिंग युवर लेग."

"हे नवीन आहे. हे शिकवलं नव्हतंस. काय म्हणालीस?"

"असंच हो, इंग्रजीत म्हणतात."

"आपल्या भाषेत सांग."

"म्हणजे... शब्दशः घेतलं तर... मी तुमचा पाय ओ..." धाकटी तिथेच अडकली.

"पाय ओढत होतीस," थोरलीने वाक्य पुरं केलं. "बघ, हा अर्थ मात्र बरोबर सांगितलास."