तत्त्वज्ञानाचा वर्ग

एस.वाय. बी.ए.चा शेवटचा पेपर झाला त्या दुपारी प्राचार्यांनी वर्षालीला केबिनमध्ये बोलावलं आणि पुढच्या वर्षी तत्त्वज्ञानाचा वर्ग बहुधा बंद होणार असल्याचं सांगितलं.

"टी.वाय.ला हा विषय घेणारे तुम्ही तिघंच. निदान आठ तरी हवेत ना? तू हुशार मुलगी आहेस. इतिहास घे, मराठी घे, कुठेही चमकशील."

"जूनपर्यंत आठ झाले तर, सर?"

प्राचार्य हसले. "झाले तर चालवू की. वर्ग बंद करायची मला काय हौस आहे?"

वर्षाली फोंडाघाटाजवळच्या एका वाडीतली. वडील महादू भात आणि काजू करायचे. पहिल्या वर्षी तिने तत्त्वज्ञान घेतलं ते केवळ वेळापत्रकात बसलं म्हणून. पण गुरुदास नाईक सरांनी तर्कशास्त्र शिकवायला सुरुवात केली आणि तिचं डोकं भलत्याच दिशेने धावायला लागलं. सर वर्तमानपत्रातली एखादी जाहिरात नाहीतर कुणा पुढाऱ्याच्या भाषणातलं वाक्य फळ्यावर लिहीत आणि विचारत, "हे पटतं? का पटतं?" त्या एका 'का'पायी वर्ग तासभर भांडायचा. त्या भांडणांतच वर्षालीने ठरवलं, बी.ए. झाल्यावर घाट चढून कोल्हापूरला जायचं आणि वकील व्हायचं. त्याआधी हा विषय मात्र नीट पुरा करायचा.

केबिनमधून ती थेट सरांकडे गेली. सरांना हे आधीच माहीत होतं.

"मी मुलांना सांगायला गेलो तर त्यांना वाटेल, सर नोकरी वाचवतायत," सर म्हणाले.

"मी गेले तर?"

"तुझी नोकरी थोडीच आहे." सर मिस्कील हसले. "पण कुणाला खोटी आशा दाखवू नकोस. तेवढं पाळ."

मे महिन्यात काजूच्या बिया वाळवायचं काम आवरलं की वर्षाली एस.टी. पकडून वर्गातल्या एकेकाच्या गावी जाऊ लागली. घरी कुणी अडवलं नाही. आईने फक्त विचारलं, "आज खंय?" आणि डबा भरून दिला.

पहिली फेरी पिंगुळीची, नम्रताकडे. दोघी दोन वर्षं एका बाकावर बसलेल्या, त्यामुळे ही तर आपलीच, असं वर्षाली धरून चालली होती. नम्रताने तिचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "माका बी.एड. करूचा आसा. त्येका शाळेत शिकवतत तो विषय लागता, म्हणान मी मराठी घेतंय. शाळेत तत्त्वज्ञान शिकवतत खंय?"

"खंयच नाय," वर्षालीने कबूल केलं.

"आणि खरा सांग. तुका तुझो वर्ग व्हयो, म्हणान माका ओढतंस मा?"

"होय," वर्षाली म्हणाली. "म्हणानच इलंय."

नम्रताला राग आला नाही. तिने वर्षालीला जेवू घालूनच सोडलं. परतीच्या गाडीत वर्षाली थोडी हिरमुसली होती, पण मैत्रिणीचं म्हणणं तिने उलटंसुलटं करून पाहिलं आणि त्यात तिला कुठे खोट सापडली नाही. नम्रताने मराठीच घ्यावं हे बरोबर होतं. मग तिने मनाशी एक ठरवलं. ज्याला हा विषय खरोखर उपयोगी पडेल त्याच्याच दारात जायचं.

असा एक होता वर्गातलाच निकेत. घर मालवणच्या किनाऱ्यावर, कॉलेजसाठी मामाकडे राहिलेला. वडील होडीवर, आई मथुरा बाजारात मासे विकायची. निकेतला विषय आवडायचा, पण आईपुढे त्याचं तोंड उघडत नव्हतं. वर्षाली पोचली तेव्हा मथुरा नुकतीच बाजारातून येऊन पडवीत टेकली होती. तिने पाहुणीला गूळपाणी दिलं आणि सरळ मुद्द्यावर आली.

"ह्या शिकान नोकरी गावतली?"

"नुसत्या ह्या शिकान नाय, काकी. पण नुसतो इतिहास शिकान तरी खंय गावता?"

"गावली मा. ह्या बाजूच्या बाबलीच्या झिलान इतिहास घेतल्यान. आज बँकेत आसा. म्हणान मी निकेताक सांगलंय, तू पण तोच घे."

निकेत खांबाला टेकून जमिनीकडे बघत उभा होता.

"त्येका बँकेत कसो घेतल्यानी?" वर्षालीने विचारलं.

"परीक्षा दिल्यान. बी.ए. झाल्यार घरात बसान अभ्यास केल्यान, बिचाऱ्यान."

"मगे ती नोकरी त्येका इतिहासान दिल्यान काय अभ्यासान?"

मथुरा बोलायला गेली आणि थांबली. तिने निकेतकडे पाहिलं, मग पुन्हा वर्षालीकडे, आणि खळखळून हसली.

"गो चेडवा, तुका वकील होवक व्हया."

"त्येच्यासाठीच माका ह्यो विषय व्हयो," वर्षाली म्हणाली. "बँकेच्या परीक्षेत बुद्धी तपासणारे प्रश्न आसतत. तसलेच प्रश्न सर आमका घालतत. निकेत त्येच्यात माझ्यापेक्षा तयार आसा. पण नोकरीची खात्री मी देवचंय नाय."

"ती कोण देता?" मथुरा म्हणाली. मग मुलाला विचारलं, "तुका व्हयो काय रे ह्यो विषय?"

"व्हयो," निकेत म्हणाला. त्याचा आवाज इतका स्पष्ट आला की तो स्वतःच दचकला.

"मगे दोन वर्सा गप कित्याक रवलंस?"

त्यानंतर कामाला वेग आला. निकेत स्वतः वर्गातल्या आणखी दोघांच्या घरी जाऊन त्यांना घेऊन आला. जामसंड्याची प्रियांका पत्रकारितेला जाणार होती. तिला समजवावंच लागलं नाही. तरीही कॉलेज उघडलं तेव्हा सगळे मिळून सातच झाले. आठवा काही केल्या मिळेना.

सातही जण प्राचार्यांच्या केबिनमध्ये दाटीवाटीने उभे राहिले. प्राचार्यांना मनापासून आश्चर्य वाटलं, पण त्यांनी नकारार्थी मान हलवली. "एक कमी आहे गं. नियम म्हणजे नियम."

वर्षाली पुढे झाली. "सर, आमच्या वाडीतली सुशीलाताई इथेच अर्थशास्त्र शिकली. तिच्या वर्गात तर सहाच जण होते."

"त्या वर्षी आम्ही विद्यापीठाकडून खास परवानगी आणली होती."

"म्हणजे नियमात तशी सोय आहे. सहांना मिळाली ती सातांना मागायला काय हरकत आहे, सर?"

प्राचार्यांनी चष्मा काढून पुसला.

"नाईकांनी तुम्हाला भलतंच शिकवून ठेवलंय," ते म्हणाले आणि बेल वाजवून हेडक्लार्कना अर्ज तयार करायला सांगितलं.

परवानगी यायला ऑगस्ट उजाडला. नाईक सर तिची वाट पाहत बसले नाहीत. त्यांनी जूनमध्येच ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत शिकवायला सुरुवात केली होती. परवानगीचं पत्र आलं त्या दिवशी वर्षाली सरांच्याच एका विधानावर त्यांच्याशी हुज्जत घालत होती. शिपाई पत्र ठेवून गेला. सरांनी ते वाचलं, सगळ्यांना दाखवलं आणि म्हणाले, "छान झालं. हं, वर्षाली, तुझा दुसरा मुद्दा?"

तिने तो मांडला. सरांना तो पटला नाही. निकेतला पटला, आणि मग तास संपून गेल्यावरही ते तिघं तसेच बोलत बसले.